समुद्रावरून आलेले दान

स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा विषयावरून आमच्यात बराच वाद झाला. कुणी म्हणाले, वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात. कुणी म्हणाले, भन्तेजींविषयी लिहावे. या दोन्ही विषयांवर आमच्याहून अधिक अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही लिहीत आहोत ते जहाजांविषयी आणि जहाजांच्या पैशातून झालेल्या दानाविषयी. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या, डोंगराच्या पायथ्याच्या शाळेच्या स्मरणिकेत जहाजे कुठून आली, हे मात्र आधी सांगितले पाहिजे.

आम्ही आठवीत होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बहुधा रात्रीची जेवणे उरकल्यावर, एक मालमोटार फाटकातून आत येई. तांदूळ, ज्वारी, तूरडाळ अशी पोती कोठीघरात उतरत आणि मोटार निघून जाई. सकाळच्या वंदनेच्या वेळी पटांगणात फक्त तिच्या चाकांचे ठसे उरलेले असत. ती मोटार कुणाची, हे आम्हांला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. पुढे कळले, ते गृहस्थ ट्रकवर क्लीनर म्हणून लागले होते, मग चालक झाले, आणि उतारवयात त्यांच्या स्वतःच्या पंधरा-वीस मोटारी रस्त्यावर होत्या. त्यांचे नाव शाळेच्या कोणत्याही फलकावर नाही. कुटुंबीयांच्या इच्छेप्रमाणे आम्हीही ते येथे देत नाही.

त्याच वर्षीच्या थंडीत दुसरा एक प्रसंग घडला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मंडळाने आम्हां मुलांना ब्लँकेट वाटायचे ठरविले. आम्ही पटांगणात दोन तास रांगेत उभे होतो, कारण छायाचित्रकार यायचा होता. तो आल्यावर एकेकाने पुढे जायचे, ब्लँकेट छातीशी धरायचे आणि पाहुण्यांकडे पाहून हसायचे. काहींचे हसू नीट उमटले नाही, म्हणून त्यांच्याकडून ब्लँकेट परत घेऊन ते पुन्हा देण्यात आले. आमच्या एका मित्राची पाळी आली. त्याने ब्लँकेट घेतले, शांतपणे टेबलावर ठेवले आणि तो रांगेत परत येऊन उभा राहिला. त्याला कुणी मारले नाही. त्याला क्षमा मागायला सांगण्यात आले, आणि त्याने ती मागितली नाही. आठवड्याने वर्तमानपत्रात आमचे छायाचित्र आले; त्याखाली ‘गरजू विद्यार्थ्यांना मायेची ऊब’ असे छापलेले होते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर तो मित्र शाळेत परतला नाही. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांनी त्याला आपल्याकडे नेले, एवढेच आम्हांला कळले. ब्लँकेट उबदार होते, हेही येथे सांगितले पाहिजे. आम्ही ते दहावीपर्यंत वापरले.

म्हणून पुढच्या वर्षी सहल सारनाथला गेली तेव्हा तो आमच्याबरोबर नव्हता. मूलगंधकुटी विहारात बुद्धचरित्राची भित्तिचित्रे पाहून आम्ही बाहेरच्या हिरवळीवर बसलो होतो. ती चित्रे जपानहून आलेल्या कोसेत्सु नोसु या चित्रकाराची. इतिहासाच्या सरांनी विचारले, “हे विहार कुणाच्या पैशातून उभे राहिले असेल?” कुणी म्हणाले, राजाच्या, कुणी म्हणाले, सरकारच्या. सर म्हणाले, “त्यातला मोठा वाटा एका बाईचा आहे. तिचे वडील जहाजे बांधीत आणि नवरा जहाजे चालवी. तिने हे विहार पाहिले नाही.” त्या दुपारी सरांनी जे सांगितले ते पुढे आम्ही जमेल तसे वाचून ताडून पाहिले, आणि ते आमच्यासोबत राहिले.

गोष्ट सुरू होते ती एका फुटलेल्या जहाजापासून. १८२२ साली ‘पर्ल’ आणि ‘हर्मिस’ ही देवमाशांची शिकार करणारी दोन इंग्रजी जहाजे पॅसिफिक महासागरातील एका प्रवाळबेटावर आदळून फुटली. त्या बेटाला आजही त्याच दोन जहाजांचे नाव आहे. ‘हर्मिस’वर जेम्स रॉबिन्सन नावाचा एक इंग्रज सुतार होता. त्याने आणि सोबत्यांनी फुटक्या जहाजांच्या लाकडांतून सुमारे तीस टनांचे एक गलबत बांधले, त्याचे नाव ‘डिलिव्हरन्स’, म्हणजे सुटका, असे ठेवले आणि त्यातून तो हवाई बेटांवरील होनोलुलूला पोहोचला. तेथे त्याने जहाजबांधणी व दुरुस्तीचा कारखाना काढला. ते दिवस देवमाशांच्या तेलाचे होते. युरोप-अमेरिकेतले दिवे त्या तेलावर जळत, यंत्रे त्या तेलाने फिरत. शिकारी जहाजांचे तांडेच्या तांडे दुरुस्तीसाठी होनोलुलूच्या बंदरात येत. सुताराच्या हाताला सोन्याचे मोल आले.

त्याची मुलगी मेरी १८४४ साली जन्मली. आईकडून तिच्यात हवाई बेटांच्या मूळ रहिवाशांचे रक्त होते. १८६१ साली तिचे लग्न टॉमस फॉस्टर याच्याशी झाले. तो कॅनडाकडच्या नोव्हा स्कॉशियातून आलेला, जहाजांच्याच धंद्यातला. १८८३ मध्ये निघालेल्या इंटर-आयलंड स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत तो प्रमुख होता. बेटाबेटांमधून माणसे, ऊस, गुरे, टपाल नेणारी ती कंपनी. (पुढे १९२९ मध्ये याच कंपनीने विमानवाहतुकीची शाखा काढली, आजची हवाईयन एअरलाइन्स ती हीच.) टॉमस १८८९ साली वारला. मूलबाळ नव्हते. चार वर्षांनी, १८९३ च्या जानेवारीत, हवाईची राणी लिलिउओकलानी हिची सत्ता तेथील परक्या व्यापारी-बागायतदारांनी उलथून टाकली. मेरीच्या आईच्या लोकांचे राज्य गेले.

त्याच वर्षीच्या १८ ऑक्टोबरला ‘ओशनिक’ नावाची आगबोट होनोलुलूच्या बंदरात थांबली. तिच्यावर शिकागोच्या सर्वधर्म परिषदेहून परतणारे अनागारिक धर्मपाल होते, वय 29. त्यांना भेटायला काही थिऑसॉफिस्ट मंडळी बोटीवर गेली, त्यांत मेरी फॉस्टर होती, वय 49. आपल्याला राग आवरत नाही, त्यावर काय करावे, असे तिने त्यांना विचारले, असे सांगतात. आमच्या सरांना या ठिकाणी नेहमी थांबावेसे वाटे. ते म्हणत, “तिने मोक्ष विचारला नाही, चमत्कार विचारला नाही. घरातल्या माणसांवर रागावू नये म्हणून काय करावे, हे विचारले.” बोट पुढे निघून गेली. एका बंदरातली एवढीच भेट. पण पुढची सदतीस वर्षे, मरेपर्यंत, ती बाई धर्मपालांच्या कामाला पैसे पाठवीत राहिली.

त्या पैशातून कोलंबोत मोफत रुग्णालय निघाले. त्याला तिच्या सासरचे आणि माहेरचे, फॉस्टर-रॉबिन्सन, असे नाव दिले गेले. कलकत्त्यात १९२० साली उघडलेल्या धर्मराजिक विहाराला तिची मदत होती. आणि सारनाथचे हे विहार. त्याची कोनशिला १९२२ मध्ये बसली आणि ११ नोव्हेंबर १९३१ रोजी ते उघडले गेले. मेरी फॉस्टर १९३० च्या डिसेंबरात वारली होती. अकरा महिन्यांची चुकामूक. तिने आपली होनोलुलूतील बाग, शहराने ती सर्वांसाठी राखावी म्हणून, मृत्युपत्राने शहराला दिली. त्या बागेत एक बोधिवृक्ष आहे. अनुराधपूरच्या महाबोधीच्या त्या रोपट्याची भेट धर्मपालांनी १९१३ साली तिला दिली होती. सारनाथला विहाराशेजारी जो बोधिवृक्ष आम्ही पाहिला, तोही अनुराधपूरच्याच झाडाच्या रोपाचा. नोव्हेंबर १९५६ मध्ये, धम्मदीक्षेनंतर थोड्याच आठवड्यांत, बाबासाहेब सारनाथला आले होते. आमच्या घराघरांतील तसबिरींशी त्या जागेचे नाते असे आहे, आणि त्या जागेचे नाते देवमाशांच्या तेलाशीही आहे.

हे शेवटचे वाक्य आमचे नव्हे. ते आमच्यातील एका मुलाने त्याच हिरवळीवर विचारलेल्या प्रश्नातून आले. वसतिगृहात आम्हांला सम्यक आजीविका शिकविलेली होती: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये. तो मुलगा म्हणाला, “सर, मग देवमासे मारणाऱ्यांच्या पैशातले विहार कसे चालते?” सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फॉस्टरबाईंनी देवमासे मारले नाहीत. पण त्यांच्या पैशातून देवमासे वजाही करता येत नाहीत. मला याचे उत्तर येत नाही. तुम्ही मोठे झालात की बघा.”

मोठे झाल्यावर आम्ही पाहिले, तर हा प्रश्न फार जवळ निघाला. आमच्यातील तिघांचा जन्म मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातला. एकाचे आजोबा माझगावच्या गोदीत हमाल होते. खांद्याला गाठ आलेली, ती त्याच रुग्णालयात कापली. हे रुग्णालय ज्यांच्या देणगीतून १८४५ साली उघडले ते सर जमशेटजी जीजीभाई. १७८३ साली जन्मलेले, लहानपणी पोरके झालेले, मामाच्या रिकाम्या बाटल्यांच्या दुकानात धंदा शिकलेले. म्हणून ‘बाटलीवाला’. तरुणपणी त्यांनी चीनच्या सफरी केल्या. १८०५ च्या सफरीत त्यांचे ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. ती ओळख पुढे मोठ्या व्यापाराची ओळख झाली. जमशेटजी स्वतः जहाजांचे मालक झाले. आणि त्या जहाजांतून कापसाबरोबर माळव्याची अफू कॅन्टनकडे जाऊ लागली. अफूवरून पहिले युद्ध १८३९ ते १८४२ मध्ये झाले. रुग्णालयाची कोनशिला बसली ती १८४३ च्या जानेवारीत. साल वाचताना आम्ही थबकलो होतो.

जमशेटजींनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि तेवढीच रक्कम कंपनी सरकारने घालावी असे ठरले. त्यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली. पुण्यात मुळा-मुठेवरचा बंडगार्डनचा बंधारा त्यांच्याच मदतीचा. पण आम्हांला सर्वांत आवडते ती त्यांच्या पत्नी अवाबाईंची देणगी. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती; लोक होड्यांतून जात आणि पावसाळ्यात होड्या उलटून बुडत. सरकार रस्ता बांधीना. अवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, आणि अट एकच घातली: या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात घ्यायची नाही. १८४५ मध्ये रस्ता सुरू झाला. देणगीला अट असते, हे आम्ही ब्लँकेटच्या दिवशी शिकलो होतो. पण अट घेणाऱ्याच्या बाजूचीही असू शकते, हे माहीमच्या रस्त्याने शिकविले. कॅन्टनच्या अफूबाज माणसाला त्या रस्त्याचा काय उपयोग, असे कुणी विचारील. काहीच नाही. माळव्यात अफू पिकविणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला परतफेड मिळाली नाही. जे दुसरेच कुणी जवळ होते त्यांना मिळाले. आजोबांची गाठ मात्र खरोखर बरी झाली होती. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून त्यांचा एक हिशेब करणे आम्हांला कधीच जमले नाही.

वालचंद हिराचंद यांच्याविषयीही लिहावे, असा आग्रह आमच्यातील दोघांचा होता, कारण ते सांगलीच्या वालचंद कॉलेजातून अभियंता झाले. सोलापूरचे वालचंद प्रथम रेल्वेची कंत्राटे घेत. १९१९ साली नरोत्तम मोरारजी आदींबरोबर त्यांनी सिंदिया कंपनी काढली. तिची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाली, आणि म्हणून तो दिवस देशात सागरी दिन म्हणून पाळतात. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवायचा कसा प्रयत्न केला, हा इतिहास मोठा आहे. त्यावर दुसऱ्या कुणी लिहावे.

बोटींचे आणखी एक नाते आमच्याशी आहे. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीतून येत होती. महायुद्ध चालू होते; ती बोट पाणतीराने बुडविली गेली. अर्धपोटी राहून जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. सर हे वर्गात सांगत तेव्हा वर्ग चिडीचूप होई. शाळेच्या वर्धापनाच्या निमित्ताने आमच्या तुकडीने काही द्यायचे ठरले, तेव्हा ग्रंथालयाशिवाय दुसरे काही कुणाच्या मनात आले नाही ते म्हणूनच.

येथवर सोपे होते. आमच्यातील एकाचा आज मालवाहतुकीचा मोठा व्यवसाय आहे. अपेक्षित रकमेपैकी जवळजवळ निम्मी त्याने एकट्याने देऊ केली. त्याच्या मोटारी कांदा नेतात, सिमेंट नेतात, आणि एका मद्याच्या कारखान्याचा मालही नेतात. हे त्याने लपविले नाही. सभेत स्वतःच सांगितले. मग सभेत जे झाले त्याला वाद म्हणणेही सौम्य होईल. एक जण म्हणाला, “ज्या वस्त्या दारूने बसल्या, त्याच वस्त्यांतल्या मुलांच्या पुस्तकांना हा पैसा?” त्यावर तो म्हणाला, “फॉस्टरबाईंचे विहार चालते, जमशेटजींचे रुग्णालय चालते. आपल्याच माणसाचे तेवढे चालत नाही का?” कांद्याचे तेवढे घ्या आणि दारूचे ठेवा, असा तोडगाही कुणी सुचविला. पण सरांचे ते वजाबाकीचे बोलणे सर्वांनाच आठवत होते. शेवटी रक्कम घ्यायचे ठरले. दोघांचा विरोध होता. तो सभेच्या कार्यवृत्तात नोंदविला आहे आणि त्यांच्या इच्छेवरून येथेही नोंदवीत आहोत. निर्णय बरोबर होता की नाही, याची आम्हांला अजून खात्री नाही. कारखान्याचे कंत्राट मार्चमध्ये संपते, ते पुढे घेणार नाही, असे तो म्हणाला आहे. ही अट आम्ही त्याला घातली नव्हती.

त्याची स्वतःची मात्र एक मागणी होती. ग्रंथालयाला त्याच्या आईचे नाव द्यावे. त्या माउलीने रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून त्याला या शाळेत ठेवले होते. सभा हो म्हणण्याच्या बेतात होती, इतक्यात मागच्या बाकावरून एक जण उठला. तो आमचा ब्लँकेट ठेवून गेलेला मित्र. कितीतरी वर्षांनी आम्ही त्याला शोधून काढले होते. तो एसटीत चालक आहे. त्याने ग्रंथालयासाठी पाचशे रुपये दिले होते. तो म्हणाला, “दादा, तुमच्या आईला माझे वंदन. पण उद्या इथे पुस्तक उघडणाऱ्या मुलाने आधी कुणाचे आभार मानायचे, हे त्याला भिंतीने सांगू नये.” दोघेही आमचे. दोघांचेही खरे. ज्या आईचे नाव गावात आयुष्यभर कुणी नीट उच्चारले नाही, ते भिंतीवर यावे असे मुलाला वाटणे, आणि आपले छायाचित्र छापणाऱ्यांकडे ज्याने पाठ फिरविली त्याला भिंतीचीच भीती वाटणे, यांत निवाडा करणारे आम्ही कोण?

आम्ही सगळे मग एका रविवारी कार्ल्याला गेलो. सहलीच म्हणाना; पण शाळेत असताना सर आम्हांला तेथेही घेऊन गेले होते आणि तेथले लेख वाचून दाखविले होते. त्या चैत्यगृहाच्या लेखांत वैजयंतीच्या श्रेष्ठी भूतपालाचे नाव आहे. जंबुद्वीपातील हे सर्वोत्तम शैलगृह आपण पुरे केले, असे त्याने कोरविले आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांकडून घाटावर येणाऱ्या मालाच्या वाटा याच डोंगरांतून जात, आणि त्या वाटांवरचा पैसा या दगडांत आला. धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेले खांब तेथे आहेत. आणि दाराशी एका सुताराचेही नाव आहे. श्रेष्ठीचे आणि सुताराचे नाव एकाच डोंगरात, जवळजवळ सारख्याच अक्षरांत, दोन हजार वर्षे. बोधगयेला बुद्धांना पहिले अन्न देणारे तपस्सु आणि भल्लिक हेही पाचशे गाड्यांच्या तांड्याचे मालवाहतूकदारच होते, हे आमच्या ट्रकवाल्या मित्राला तेथे कुणीतरी आठवून दिले. तो हसला. त्यांच्या गाड्यांत काय काय माल होता, असे त्याने विचारले.

कार्ल्याहून परतताना ठरले ते एवढेच: ग्रंथालयाला नाव नाही. दारामागच्या एका कोपऱ्यात, कपाटाच्या आतल्या बाजूस, सर्वांच्या आयांची नावे सारख्या अक्षरांत लिहायची. रकमा लिहायच्या नाहीत. एसटीवाला मित्र याला अर्धाच राजी आहे. कपाट उघडले की नावे दिसतीलच, असे तो म्हणतो. त्यावर बोलणी चालू आहेत.

पुस्तकांची पहिली चार खोकी गेल्या मंगळवारी एसटीच्या पार्सलने फाट्यावर उतरली. शाळेची दहावीची मुले हातगाडी घेऊन ती आणायला गेली होती. एका खोक्याचा कोपरा पावसाने भिजला होता; त्यातील पुस्तके बाईंनी भोजनगृहाच्या ओट्यावर उघडी करून, पंख्याखाली वाळत घातली आहेत.